सूर्यमाळचा ठोका

"खड्ड्यात ओतायला नाय देणार." चैतीने घागर पोटाशी धरली. "घरात तहानलेली नात हाये."

"तिला पाज आधी. उरंल ते दे."

"उरतं कुठं? झिऱ्याशी बसून करवंटीनं भरलीय मी."

"माती सुकली का पेटी मुकी होते, चैते."

"होऊ दे. आपल्याशी कवा बोलली ती?"

 तिच्या नवऱ्याशी, लहान्याशी, पेटी बोलली होती.

जव्हारला तेव्हा संस्थान होतं. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. विलायतेचा एक साहेब निव्वळ हौसेपायी बिनतारी यंत्राची पेटी घेऊन सूर्यमाळला उतरला. त्याच्या लांब लहरींना एक लांब तार झाडांवर उंच लागे आणि दुसरी ओल्या मातीत पुरलेली. मधासाठी कडे चढणारा लहान्या वरच्या तारेला उपयोगी पडला. पण चैत्रात सूर्यमाळला ओली माती कुठली? मग खड्ड्यात पाणी ओतायचं कामही त्याच्याचकडे आलं.

तारा जोडायला जव्हारचा लतीफ कल्हईवाला आला होता. साहेबाची भाषा त्याला थोडी कळे. समुद्रातल्या बोटींवरून माणसं या पेटीत ठोके पाठवतात, असं त्यानेच सांगितलं. लहान्याचा मुलगा सोम्या बोटीवर कोळसा ओढायला गेला होता. तेव्हा त्याच्या बायकोला, माघीला, दिवस गेलेले. आता पोर चालायला लागली, सोम्याचा निरोप नाही.

एका संध्याकाळी साहेबाने गंमत म्हणून यंत्राची चकती लहान्याच्या कानाला लावली. आत टक, टक-टक.

इकडे रात्री पीक राखताना शेतातल्या उंच माळ्यावरून लाकडावर ठोका देतात. मी जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडच्या माळ्यावरून उलट ठोका आला नाही, तर माणूस पलिता घेऊन धावतो. बाप-लेकांनी कित्येक हंगाम असे राखले होते. लहान्याने चकती काढली.

"जागा हाये," तो लतीफला म्हणाला.

ते ठोके कुणाचेही असतील, हे लतीफने त्याला समजावलं नाही. तेव्हापासून लहान्या आपल्या वाटणीचं पाणीही खड्ड्यात ओतत होता. त्याचे ओठ फुटले होते.

नातीला पाजून घागर अर्धी उरली. लहान्या चैतीला घागरीसकट तंबूत घेऊन गेला. साहेब हसून बाजूला सरकला. लहान्याने चकती तिच्या कानाला लावली.

ठोके भरभर पडत होते, दम न घेता. सोम्या एक ठोका देऊन थांबायचा, मग दोन. लहानपणापासून तसंच. चैतीला तो झोपेतही कळे. हा कुणी दुसराच हात होता.

लतीफ मान खाली घालून तार गुंडाळत होता. लहान्या तिच्या तोंडाकडे बघत होता.

"आपलाच ना?" त्याने विचारलं. "सांग, चैते. उद्या साहेब जायचा."

तिने चकती खाली ठेवली, घागर कमरेवर घेतली आणि बाहेर पडली. घराकडे नाही, खड्ड्याकडे.