मांजराचा श्रावण

परवा बाजारात सुकटीचा वास आला आणि पाटणच्या घरातलं मांजराचं पिल्लू आठवलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडील फौजेत, सीमेवर होते. सुकट-भातावर पिल्लू चांगलं वाढत होतं. श्रावण लागला तशी आईने सुकटीचा डबा गोठ्यात नेऊन ठेवला आणि पिल्लाला नुसता दूधभात सुरू केला. पंधरवड्यात त्याचे मागचे पाय लटपटू लागले. धाकटे चुलते म्हणाले, “आवं वैनी, मांजराला कसला श्रावण? वाढतं जनावर हाय, सुकट घाला त्याला.” “माझ्या घरात ऱ्हातंय न्हवं? मग पाळंल की.” “मग सोमवारबी धरायला लावा!” आई हसली नाही. “तुमचं दादा तिकडं बंदुकीफुडं हायती, भावजी. घरात श्रावण मोडायचा न्हाई.” मी दोनदा गोठ्यापर्यंत गेलो आणि डबा न उघडताच परतलो. श्रावण संपायला चार दिवस असताना पिल्लू चुलीशेजारी मेलं. वडील दसऱ्याला सुखरूप आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र तो सौदा मला बरोबर वाटला होता आणि मी वडिलांच्या शेजारी पोटभर जेवलो होतो.