नवमीचं पाणी

परदेशातले शेवटचे तीन-साडेतीन आठवडे उरले होते आणि माझा देवावर राग होता. राग लपवायची मला सवय नाही, म्हणून आधीच लिहून टाकतो. भक्त माझी बायको होती, दत्ताची. मी तिच्या धाकानं गुरुवारी हात जोडणारा माणूस. सातवीपर्यंत शिकलो, कपड्याच्या मिलमध्ये फिटर होतो, मिल बंद पडल्यावर इंदूरच्या छत्रीबागेत सायकली दुरुस्त केल्या. पोथी मला जमली नाही. तेव्हा जसं घडलं तसं लिहितो, त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

ती गेली त्या दुपारची गोष्ट मी मुलालाही सांगितली नव्हती. सहा महिने अंथरुणाला होती. त्या दुपारी तिनं पाणी मागितलं. मी म्हटलं, आलोच. तेवढ्यात खाली कोणीतरी आमच्या दारात स्कूटर आडवी लावली आणि मी भांडायला उतरलो. चांगली दहा मिनिटं भांडलो, स्कूटर हटवायला लावूनच वर आलो. ती गेलेली होती. नंतर लोकांनी तोंडात गंगाजल घातलं, तुळशीचं पान ठेवलं. पण जिवंतपणी मागितलेलं पाणी मी दिलं नव्हतं, ते नव्हतंच. मनात एकच धरून बसलो की वर्षश्राद्धाचं पाणी तरी तिला वेळेवर मिळायला हवं. तो दिवस चुकला तर ती दुसऱ्यांदा तहानलेली राहील, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि देवाला मी रोज एवढंच विचारायचो की दहा मिनिटं थांबायला तुझं काय जात होतं?

मुलगा स्कॉटलंडमध्ये नोकरीला. जूनमध्ये येऊन मला घेऊन गेला. एकटे राहू नका बाबा, म्हणाला. तिथे जाऊन मी जास्त एकटा झालो हे त्याला कसं सांगणार? तो आणि सून सकाळी कामावर जात, त्यांचीही काही चूक नाही. मी खिडकीत बसायचो. भाषा येत नाही, रस्त्यावर माणूस दिसत नाही, नोव्हेंबर लागला तर चारलाच अंधार पडायला लागला. बायकोचा फोटो मी बॅगेतून काढलाच नव्हता, परक्या भिंतीवर तिला कशाला टांगायचं. माझी ओळख म्हणाल तर शेजारच्या म्हाताऱ्याच्या काळ्या कुत्र्याशी. तो कुंपणातून नाक बाहेर काढायचा, मी त्याच्याशी मराठीत बोलायचो. सहा महिन्यांत माझं सगळ्यात जास्त बोलणं त्याच्याशी झालं असेल.

आता तिथीचं सांगतो. बायको गेली तेव्हा आमचे मराठी गुरुजी गावाला गेलेले, म्हणून घाटावरच्या हिंदी पंडितजींनी सगळं केलं. त्यांनी पर्चीवर लिहून दिलं, अगहन बदी नवमी. अगहन म्हणजे मार्गशीर्ष, बदी म्हणजे वद्य, हे इंदूरच्या कोणत्याही मराठी माणसाला कळतं. मुलाकडे मराठी कॅलेंडर होतं. त्यात मी मार्गशीर्ष वद्य नवमी शोधली, डिसेंबरात सापडली, पेनानं गोल केला. मुलानं त्याच्या चार दिवस आधीची तिकिटं काढली, तोही रजा घेऊन येणार होता. मागच्या वर्षीच्या तारखेपेक्षा तिथी बरीच पुढे पडत होती, पण तिथी पुढेमागे होतेच, म्हणून शंका आली नाही. मी त्या गोलाकडे बघत दिवस काढत होतो.

एका दुपारी पाऊस थांबला म्हणून कोपऱ्यावरच्या बागेत बाकावर जाऊन बसलो आणि इंदूरच्या जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या माझ्या दोस्ताला फोन लावला. त्यानं विचारलं, मजेत आहेस ना? मी म्हटलं, "काहे की मजा, भिया! इथे सूर्यसुद्धा आपल्या मर्जीनं ड्यूटीवर येतो." फोन ठेवला तर समोर एक म्हातारी उभी. लुगडं, वर मुलीचा असावा असा लांब कोट, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात स्टीलचा डबा.

"भिया बोल्या थे," ती म्हणाली. "इंदौर का हो कईं?"

मी म्हटलं, छत्रीबाग. तिचा चेहरा असा झाला की जणू मी तिच्या माहेरचाच. ती इंदूरजवळच्या हातोदची. मुलीच्या बाळंतपणासाठी आलेली. पुढचा प्रश्न तिनं असा विचारला की मी दोनदा ऐकून घेतला. "दादा, यहाँ कालो कुतरो मिलेगो कईं? सुबह से ढूँढ री हूँ. सफेद मिल्या, भूरा मिल्या. और सब रस्सी से बँधा हुआ. जमाई के पूछ्यो तो हँसने लग्यो."

डब्यात तेल लावलेली रोटी आणि गूळ होता. मी म्हटलं, बाई, काळा कुत्रा माझ्या ओळखीचा आहे, चला. तिला घेऊन शेजारच्याकडे गेलो. म्हाताऱ्यानं दार उघडलं. आता त्याला काय सांगणार? मी रोटी दाखवली, कुत्रा दाखवला, हात जोडले. त्यानं रोटी हातात घेऊन वास घेतला, तेलाचं बोट चाखून बघितलं आणि मान हलवली. कुत्र्यानं दोन घासांत रोटी संपवली. म्हातारीनं पदर पुढे घेऊन त्या कुत्र्याला वाकून नमस्कार केला, तर शेजारच्या म्हाताऱ्यानंही डोक्यावरची टोपी काढली. का काढली ते त्यालाच ठाऊक. सहा महिन्यांत त्या दिवशी मी पहिल्यांदा हसलो.

परत येताना मी विचारलं, हे सगळं आज कशासाठी? ती म्हणाली, "आज भैरूजी की आठम हे नी. अगहन बदी आठम." आठम म्हणजे अष्टमी, आणि भैरवाचं वाहन काळा कुत्रा, म्हणून ती रोटी.

माझे पाय तिथेच थांबले. मी म्हटलं, अगहनला अजून वेळ आहे, बाई. तिनं माझ्याकडे असं बघितलं की हा कोणत्या जगातला. "वेळ कायको? पूनम के दूसरे दिन से लग गयो. आज आठम, कल नवमी."

तिथेच उभ्या उभ्या आमच्या गुरुजींना इंदूरला फोन लावला. ते आधी माझ्यावर चिडलेच. "काका, सगळी उमर इंदूरला काढलीत आणि एवढं नाही कळत? त्यांचा महिना पुनवेला संपतो, आपला अवसेला. हे वद्याचे पंधरा दिवस तेच, फक्त ते त्याला अगहन म्हणतात आणि आपण कार्तिक. काकू कार्तिक वद्य नवमीला गेल्या. म्हणजे उद्या!" दिवाळी, होळी, संक्रांत, मोहल्ल्यात सगळ्यांचं एकाच दिवशी. त्यामुळे हा फरक सगळी उमर मला कधी अडला नव्हता. अडला तो नेमका इथे. ज्या एका दिवसासाठी मी जीव धरून बसलो होतो, तो उद्या माझ्या खिडकीसमोरून निघून गेला असता आणि मी महिनाभर त्या गोलाकडे बघत बसलो असतो.

मी बाईला सगळं सांगितलं. तिनं कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. भैरवाला वाहून उरलेले काळे तीळ होते. ते माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "ले जाओ दादा. तमारे काम का है." मग मुलगी वाट बघत असेल म्हणून निघाली. तिचं नाव विचारायचं माझ्याकडून राहिलं.

संध्याकाळी मुलगा आल्यावर सांगितलं, उद्या आईचं वर्षश्राद्ध आहे. तो म्हणाला, "बाबा, गोल तर पुढच्या महिन्यात आहे ना?" मी म्हटलं, गोल मीच चुकीचा केला. त्यानं लगेच रजा टाकली.

सकाळी स्वयंपाकघरात पाट नव्हता म्हणून चादरीची घडी घातली. बायकोचा फोटो बॅगेतून काढून भिंतीला टेकवला. सुनेनं खीर केली. गुरुजी व्हिडिओ कॉलवर बघून सांगत होते, मुलगा करत होता. दर्भ नाही म्हटलं तर म्हणाले, नसू दे. मग ते म्हणाले, काकूंचं नाव घेऊन पाणी सोडा. मुलानं समोरच्या पातेल्यात सोडलं. आणि मला काय झालं कळलं नाही, मी सगळ्यांसमोर ती स्कूटरची गोष्ट सांगून टाकली. पाणी मागितलं होतं, मी भांडायला गेलो, हे सगळं. फोनवर गुरुजीही ऐकत होते. मग मुलानं पुडीतले तीळ माझ्या तळहातावर घातले आणि तांब्या उचलला. "तुम्ही पण द्या, बाबा," एवढंच म्हणाला. त्याचे डोळे भरलेले होते, पण आवाज त्याच्या आईसारखा शांत होता.

चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात मी तिला नावानं हाक मारली नव्हती. अगं, नाहीतर ऐकलंस का. त्या सकाळी पहिल्यांदा मोठ्यानं तिचं नाव घेतलं. पाणी भलतीकडेच सांडत होतं. गुरुजी फोनवरून म्हणाले, "काका, अंगठ्याच्या बाजूनं सोडा. सावकाश. काही घाई नाही." तीन वेळा सोडलं. तीळ पातेल्याच्या तळाशी बसले तसं माझ्या छातीतलंही काहीतरी खाली बसलं.

ती बाई मला पुन्हा दिसली नाही. मी रोज बागेत जाऊन बघितलं. लेकीच्या घरात तान्हं बाळ आहे, निघणं झालं नसेल, जास्त काही मी त्यात शोधत नाही. पण हातोदच्या बाईनं सगळं शहर सोडून माझ्यासमोर येऊन काळा कुत्रा विचारावा, आणि माझी अख्ख्या मुलखात ओळख असावी ती एका काळ्या कुत्र्याशी, हे मी जुळवलं नव्हतं. मी जे जुळवलं होतं, पर्ची, कॅलेंडर, तिकीट, ते सगळं चुकलं होतं.

पुढचे आठवडेही एकट्याचेच गेले, खोटं कशाला बोलू. चारला अंधार व्हायचाच. इंदूरला आल्यावर राहिलेले विधी गुरुजींकडून रीतसर करून घेतले. शेवटी त्यांनी विचारलं, काका, मनात काही राहिलं नाही ना? मी म्हटलं, ती मला दिसत नाही हे राहिलं, ते राहणारच. पण तहानेचं आता मी बघत नाही. ते ज्यानं बघायचं त्यानं बघितलं, माझ्या चुकीसकट बघितलं. मला आता सकाळी फक्त हात जोडून उभं राहायचं असतं, आणि तेवढं मी करतो.