ओल्या पंच्यातलं पिंप

अक्षर वाकडं आहे, चुकाही असतील, वहीने सांभाळून घ्यावं. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी कामाला जाते त्या ताई घरीच बिअर करतात. मागच्या थंडीत बिअर आंबत ठेवलेलं पिंप गार लागलं म्हणून मी त्याला इडलीच्या पिठासारखं दोन घोंगड्यांत गुंडाळलं. आतून ते इतकं तापलं की बिअरला उग्र वास आला, सगळी ओतून द्यावी लागली. ताई नको म्हणाल्या, तरी सामानाचे पैसे मी पगारातून थोडे थोडे देत आले.

आता उन्हाळ्यात त्यांनी पिंप माझ्यावरच सोपवलं. मी ते पाण्याच्या टबात ठेवलं, ओला पंचा गुंडाळला, बर्फाच्या बाटल्या बदलत राहिले. झाकणाच्या नळीतून बुडबुडे एकेक करून, सावकाश निघायचे. बघतच राहावंसं वाटायचं! मलाही कुणी घाई केली की बोलता येत नाही. निवांत सोडलं की येतं.

आज ताईंनी घोट घेतला आणि ओरडल्याच, "अगं सुमन, जमली की! घे, तूही चाख."

"छे बाई, मला नको," म्हणताना माझं हसू आवरेना.

मग मी शेवटचे दोनशे रुपये ओट्यावर ठेवले. "फिटले गं सगळे," म्हणत ताईंनी ते उचलले.