विहिरीचा गळ आणि अरबी समुद्र

आमच्या घराण्यात समुद्रात बुडालेली मी पहिलीच. बुडाले त्या वेळी मी दोन माडांच्या मधे बांधलेल्या झोळीत गाढ झोपले होते, त्यामुळे मला फारसा त्रास झाला नाही. त्रास झाला तो श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या वस्तीला.

तशा आमच्या घरात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा मीच केल्या आहेत. पहिली पदवीधर मी. (बी.ए., भूगोल, प्रथम श्रेणी. कोणी विचारलं नाही तरी मी सांगते.) नगरला होस्टेलवर राहिलेली पहिली मी. तिथल्याच सावेडीतल्या एका क्लासमध्ये पोरांना भूगोल शिकवून पगार घरी आणणारी पहिली मी. आणि लग्नकार्य नसताना, देवदर्शन नसताना, कोणी आजारी नसताना पाठीवर पोत्याएवढी बॅग अडकवून परगावी निघालेलीही पहिली मीच!

"मग जायाचं तरी कशाला?" आण्णांनी विचारलं. आण्णा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म उसात आणि दोन म्हशींच्या मागं गेलेला.

"समुद्र बघायला."

"बघून?"

"बघून परत यायचं."

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. पोरीला शिकवलं ते चुकलं की काय, असा तो चेहरा होता. सोबत कोण, तर होस्टेलवरची मैत्रीण सुरेखा. ती आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याकडची, डोंगरातली. धरणात पोहलेली. "तिला पवता येतं," एवढ्या एका गोष्टीवर आण्णा थोडे विरघळले.

विरघळले नाहीत ते बापू, माझे चुलते. बापूंना जगातल्या सगळ्या विषयांतलं कळतं. "आधी थोरली नीट परत येऊ द्या," ते म्हणाले, "मग धाकटीच्या पुण्याचं बघू."

धाकटी म्हणजे आशू. बारावीला होती, आणि तिला पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं, होस्टेलवर. तिनं मला गोठ्यामागं ओढत नेलं.

"ताई, तू फक्त जाऊन ये. पडू नको, हरवू नको, आजारी पडू नको. शहाणपणा तर अजिबात करू नको. माझं पुणं तुझ्या हातात आहे."

"अगं, मी पदवीधर आहे!"

"म्हणूनच सांगते."

मग आशूनं एक तोडगा काढला. माझ्या मोबाईलचं ठिकाण आण्णांच्या मोबाईलच्या नकाशावर निळ्या ठिपक्यानं दिसेल, अशी सोय करून दिली. ठिपका बंद करायचा नाही, या अटीवर परवानगी मिळाली. मी एसटीत बसले तेव्हा आण्णा खाटेवर मोबाईल घेऊन बसले होते. पाटाला पाणी सोडलं की बांधावर बसतात, अगदी तसे.

गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथले लोक आम्हाला अजून ओळखतात.

गाव मात्र असं होतं की एसटीतून उतरल्याबरोबर आमची चाल मंदावली. पोफळीच्या बागा, लाल मातीची वाट, वाटेवर दुपार पसरून पडलेली. कुत्रीसुद्धा भुंकायच्या आधी विचार करत, आणि विचार करता करता झोपत. आम्ही उतरलो ते निळ्या फाटकाचं घर एका काकूंचं होतं. चहा कधी मिळेल विचारलं, तर म्हणाल्या, "मिळेल गो." जेवण कधी? "होईल गो." पंखा चालतो का? "चालेल गो, वारा पडला की." आमच्याकडं लाइट कधी येणार याचंसुद्धा वेळापत्रक असतं. इथं कशालाच काही नव्हतं, आणि तरी सगळं होत होतं! मी फाटकापाशी उभं राहून एक फोटो काढला आणि आशूला पाठवला. तेवढं एक शहाणपणाचं काम त्या दोन दिवसांत माझ्या हातून झालं.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. समुद्र पार लांब गेलेला. मधे नुसती ओली, चकाकती वाळू, तिच्यात आभाळ पडलेलं. आपण आभाळावर चालतोय की काय, असं वाटत होतं. त्या वाळूत एक होडी एका कुशीवर कलंडून पडली होती, दुपारी म्हैस लवंडते तशी. आम्ही तिच्यात चढून बसलो. लांबून पाण्याचा आवाज येत होता, शेजारच्या खोलीत कोणीतरी झोपेत श्वास घेतंय असा.

"मने," बऱ्याच वेळानं सुरेखा म्हणाली, "मोबाईल सोबत असला की समुद्र दिसत नाही बघ."

मला ते इतकं पटलं की मी दोघींचे मोबाईल आवाज बंद करून एका पिशवीत घातले आणि ती पिशवी होडीतल्या फळीखाली, सावलीत ठेवली. घरी घेऊन जायला पाहिजे होती का? कशाला? होडी वाळूत, पाणी कुठल्या कुठं! आमच्याकडं पाणी येतं ते कालव्याचं आवर्तन सुटल्यावर. आधी गावात बोभाटा होतो, मग भांडणं, मग पाणी. न सांगता पाणी येतं हे आमच्या रक्तातच नाही.

(भरती-ओहोटीच्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते. नववीच्या पोरांना तो धडा मी हातवारे करून शिकवते.)

काकूंकडं घावणे खाल्ले, नारळाच्या रसाबरोबर. मग बागेतल्या झोळीत जरा पडले. वर झावळ्यांमधून ऊन गळत होतं, पोफळीवर कुठला तरी पक्षी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. मला वाटलं, मी कुठलीतरी गोष्ट विसरतेय. मग वाटलं, विसरू दे.

जागी झाले तेव्हा सुरेखा शेजारी उभी होती.

"मने, समुद्र आलाय."

"येऊ दे की."

"होडी गेलीय."

आम्ही पळत किनाऱ्यावर गेलो. सकाळी जिथं आभाळ पडलं होतं तिथं कमरेएवढं पाणी! काकूंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "घेऊन गेला असेल मासे धरायला. येईल गो भरतीला. होडी म्हणजे काय एसटी आहे, वेळेवर यायला?"

"काकू, तुमचा फोन द्या, घरी कळवते."

काकूंनी फोन दिला. तो हातात घेऊन मी उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की मला घरातल्या एकाही माणसाचा नंबर पाठ नाही. जगातल्या नद्या पाठ आहेत. त्यांच्या उपनद्या पाठ आहेत. आण्णांचा नंबर म्हणजे मोबाईलमध्ये 'आण्णा' एवढंच!

"संध्याकाळी होडी आली की लावू," सुरेखा जांभई देत म्हणाली.

"लावू गो," मी म्हणाले. मलाही ते गाव चढलं होतं.

इकडं वस्तीवर काय चाललं होतं ते मला नंतर आशूकडून कळलं. सकाळी दहाच्या सुमाराला आण्णांनी तिला हाक मारली. "आशे, ह्यो ठिपका पान्यात कसा काय गं?"

ठिपका पाण्यात होता. आणि पुढं चालला होता. (इतक्या खोल पाण्यात रेंज मिळते! आमच्याकडं एक फोन करायला गोठ्याच्या पत्र्यावर चढावं लागतं.) आण्णांनी माझा फोन लावला. वाजला, कोणी उचलेना. सुरेखाचा लावला, तोही तसाच. तोवर शेजारपाजार खाटेभोवती जमला होता.

"पवत आसंल," कोणीतरी धीर दिला.

"आमची मनी? आवो ती हौदात उतरत न्हाई!" आई म्हणाली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला.

बापूंनी नकाशा नीट पाहून निकाल दिला, "ह्यो ठिपका ज्या दिशेनं चाललाय ना, तिकडं फुडं सरळ आरबस्तान लागतं."

पुन्हा फोन लावला. या वेळी उचलला गेला! वाऱ्याचा घोंघाट, इंजिनाची फटफट, आणि एक अनोळखी माणूस ओरडला, "आता नको! जाळं ओढतोय! मागनं करा!" आणि फोन बंद.

आण्णा हळूच म्हणाले, "जाळी टाकून हुडकायला लागलेत पोरीला."

पुढच्या अर्ध्या तासात क्रूझर गाडी ठरली, म्हशी शेजारच्या मावशींच्या गळ्यात पडल्या, भाकरी फडक्यात बांधल्या गेल्या, आणि आण्णा, आई, आशू, बापू निघाले. बापूंनी एक वस्तू आठवणीनं गाडीत टाकली: विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी आकड्यांचा गळ, दोरासकट. अरबी समुद्रातून पुतणीला काढायला!

वाटभर बापूंचं एकच पालुपद चालू होतं. "म्हणलं हुतं का न्हाई? आता आशू कुटंबी जायाची न्हाई. वस्तीभाईर पाऊल न्हाई!" आशू ड्रायव्हरशेजारी बसून वाट सांगत होती. घाटात दोनदा गाडी चुकली, दोन्ही वेळा तिनंच ती परत रस्त्याला लावली. गावात पोचल्यावर मी पाठवलेला फोटो माणसामाणसाला दाखवत निळं फाटक तिनंच शोधलं, आणि फाटकातूनच काकूंना विचारलं, "आमची ताई गेली का हो?"

"गेली ना," काकू म्हणाल्या.

आईनं हंबरडा फोडला.

"किनाऱ्यावर गेली," काकूंनी सावकाश वाक्य पुरं केलं. "चहा टाकू?"

मावळतीची वेळ होती. समुद्र पुन्हा लांब गेला होता, आणि सुरेखा आणि मी ओल्या वाळूच्या कडेला, सुरूच्या झाडांखाली अर्धवट झोपेत पडलो होतो. सगळं केशरी झालं होतं. तेवढ्यात त्या केशरी उजेडातून पांढरी टोपी घातलेला एक माणूस माझ्याकडं चालत येताना दिसला.

"सुरेखा," मी म्हणाले, "माझ्या स्वप्नात आण्णा आलेत."

"माझ्याही स्वप्नात तुझेच आण्णा आहेत," सुरेखा म्हणाली. "त्यांच्या मागं गळ घेऊन कोण आहे गं?"

आण्णा माझ्यापाशी येऊन थांबले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग केसांवर, मग बाहीवर. बाही कोरडी होती. आईनं मात्र आधी मला छातीशी धरलं, मग पाठीत धपाटा घातला, मग पुन्हा छातीशी धरलं.

"मोबाईल कुटं हाय तुजा?" बापू गरजले.

मी समुद्राकडं बोट दाखवलं.

"आन् तू हितं?"

"आवाज बंद करून होडीत ठेवला होता. होडी वाळूत होती, बापू. पाणी फार लांब होतं!"

"पानी लांब हुतं म्हनं!" बापूंनी गळ वाळूवर आपटला. "येवडी शिकली, आन् समुद्राचं पानी हालतं हे ठावं न्हाई?"

आशू माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. पुण्याची गाडी डोळ्यांदेखत सुटल्यावर माणूस बघतं, तशी. मला त्या वाळूत शिरावंसं वाटलं.

आण्णा मात्र आमचं ऐकतच नव्हते. त्यांनी पायताणं काढली, वाळूवर नीट शेजारी शेजारी ठेवली, धोतर वर खोचलं आणि चालत चालत पार पाण्यापर्यंत गेले. घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले. सबंध जन्म त्या माणसानं पाण्याची वाट पाहिली होती, रात्री-अपरात्री पाटावर आपली बारी धरली होती, आणि आता न मागता पाणी पायाशी येत होतं.

"हे समदं कुनाच्या वाट्याचं?" त्यांनी विचारलं.

"कुणाच्याच नाही, आण्णा."

"मंग भांडत कोन न्हाई?"

"नाही."

ते हसले. मग आईही भाकरीचं फडकं खाली ठेवून आली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि म्हणाली, "अगं बया, येवडं पानी आन् समदं वाया!" शेवटी बूट काढून बापूही आले. आम्ही सगळे रांगेत उभे राहिलो, आणि समोर सूर्य पाण्यात असा हळूहळू उतरत होता, जसं काही त्यालाही काकूंनीच सांगितलं होतं, "जाशील रे, घाई काय आहे?" किती वेळ गेला कळलं नाही. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा बापूंनी मागं वळून पाहिलं.

आण्णांची पायताणं नव्हती. बापूंचे बूट नव्हते. गळ, दोर, भाकरीचं फडकं, काही काही नव्हतं! समुद्र सगळं सोबत घेऊन सुरूच्या झाडांकडं निघाला होता. पायताणं होती ती फक्त आशूची, तिच्या हातात.

"पानी लई लांब हुतं की रं," आण्णा म्हणाले.

"आता गळ काढायला गळ कुटनं आनायचा?" बापू म्हणाले, आणि बापूंना एखादी गोष्ट कळत नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

होडी भरतीबरोबर आली. मालकानं पिशवी माझ्या हातात दिली. "दिवसभर थरथरत होती. आधी मला वाटलं, मासळीच शिरली आत."

परत जाताना गाडीत बापूंनी पुन्हा विषय काढला नाही. काढला तो आण्णांनी. "धाकटीला पुन्याला धाडायची," ते म्हणाले. "आज आमी समदी येडी झालतो, ही न्हाई. हिला कुटंबी सोडा, ही वाट काढती." मग थोडं थांबून म्हणाले, "थोरलीला मातर एकलं सोडायचं न्हाई."

आशू आता पुण्याला असते. दर वर्षी होळी झाली की क्रूझर ठरते, आशू पुण्याहून परस्पर जाते, आणि सगळं घर काकूंच्या निळ्या फाटकात जाऊन आठ दिवस पडतं. मी जात नाही. म्हशींना कोणीतरी लागतंच, आणि मी क्लासला सुट्टी घेऊन वस्तीवर येते. निघताना आण्णा त्यांच्या मोबाईलचा निळा ठिपका माझ्या मोबाईलवर चालू करून देतात, आणि गाडीच्या खिडकीतून दर वर्षी तेच बजावतात,

"मने, ठिपका पान्यात दिसला तर भिऊ नको. भरती-ओहोटी काय आसती ते आशूला इचार!"