बसणारीचं माप

टेलर मास्तरांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते मी शिकवत होते त्या शाळेच्या व्हरांड्यात. गणवेशाची मापं घ्यायला आले होते. पहिलीतली एक मुलगी उंच दिसावं म्हणून चवड्यांवर उभी राहिली होती. दुसरा कुणी असता तर टाचा टेक म्हणून ओरडला असता. मास्तर टेप हातात धरून नुसते थांबले. चवडे दुखायला लागले तशा तिच्या टाचा आपोआप खाली आल्या, आणि मग त्यांनी माप घेतलं. "बरीच उंच आहेस की," ते तिला म्हणाले. "वाढत्या अंगाचंच शिवू."

त्यांचं सगळंच वाढत्या अंगाचं असायचं. बोटभर कापड जास्त सोडल्याशिवाय त्यांची कात्री चालायची नाही. आमच्या शाळेत मुलांच्या बाह्या दुमडलेल्या दिसत, पण तोकड्या कधी दिसल्या नाहीत.

निवृत्त झाल्यावर मी ज्या इमारतीत राहायला आले, तिच्या तळमजल्यावर मास्तर आणि त्यांची बायको राहतात हे मला नंतर कळलं. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणते. दुकानातली काजं, बटणं आणि सगळी हातशिलाई पूर्वी वहिनी घरी बसून करायच्या. पुढे सांधेवातानं त्यांची बोटं आत वळली ती वळलीच. आता पेला दोन्ही तळहातांत धरावा लागतो, दिव्याचं बटण कोपरानं दाबावं लागतं.

मास्तर हळूहळू सगळं शिकले. वेणीसुद्धा. सुरुवातीला ती एका बाजूला कलायची. मी खाली गेले की वहिनी विचारायच्या, "आज कुठल्या बाजूला आहे हो, बाई?" मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

एवढं सगळं त्या हसून चालवून घेत. एकच गोष्ट त्यांना सोसत नव्हती. संडासात पाण्याचा मग धरायला मूठ लागते आणि जेटच्या फवाऱ्याचा खटका दाबायला बोटं, आणि त्यांच्याकडे दोन्ही नव्हतं. रोज सकाळी मास्तर दुकान अर्धवट टाकून घरी येत आणि त्यांना स्वच्छ करून परत जात. कधी कुरकुर केली नाही. पण वहिनींचं जेवण कमी होत चाललं होतं. विचारलं की म्हणायच्या, भूकच लागत नाही.

एके दिवशी त्यांची लेक आली. मीही तिथेच बसले होते. आईचे खांदे गाऊनमधून वर आलेले पाहून ती म्हणाली, "आई, तू आता माझ्याकडेच राहायला चल. मी करीन सगळं."

"तुझ्याकडे? जावई बाहेर पेपर वाचत बसणार आणि तू आत माझं धूत बसणार?"

"मग इथे बाबा करतातच ना?"

"म्हणून तर जेवत नाही," वहिनी बोलून गेल्या.

मास्तर खिडकीजवळ एका शर्टाला इस्त्री करत होते. त्यांनी इस्त्री उचलून बाजूला उभी केली आणि बराच वेळ शर्टाची कॉलर तेवढी सारखी करत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे वर आले.

"बाई, एक विचारायचं होतं. म्हणजे, विचारण्यासारखं नाही."

"तरी विचारा."

"ते बसायचं असतं ना... त्यातच पाणी असतं म्हणे. आपलं आपण होतं सगळं."

"मास्तर, मी जन्मभर पहिलीला शिकवलंय. पोरांच्या चड्ड्या बदलल्यात. माझ्यापुढे कसली लाज धरता?"

तेव्हा कुठे ते खुर्चीत टेकले.

आम्ही चौकशी सुरू केली. माझ्या भाच्याकडे विजेवर चालणारी सीट आहे. पाणी गरम, बसायला गरम, नंतर वाराही गरम. तिची किंमत ऐकून मास्तर म्हणाले, "एवढ्यात माझं नवं मशीन येईल." शिवाय त्यांच्या संडासात विजेचा पॉइंट नव्हता आणि घरमालक भिंत फोडू देणारा नव्हता. दुसरी साधी जात असते. तिला वीज लागत नाही. टाकीच्या नळाला एक जोड द्यायचा, सीटखाली छोटी तोटी असते, तिच्यातून पाण्याची धार येते. "हीच घेऊ," मास्तर म्हणाले, "पण तुमच्या वहिनींना ती स्वस्तातली वाटायला नको."

एका संध्याकाळी पाहते तर मास्तर संडासात गुडघे टेकून बसलेले. कमोडवर खाकी कागद पसरून पेन्सिलीनं खाका काढत होते. तो कापून, घडी घालून, बगलेत धरून ते माझ्याबरोबर सॅनिटरीच्या दुकानात आले. विक्रेता भला माणूस होता. एकेका सीटवर कागद ठेवून पाहू दिला त्यानं. शेवटी एका सीटवर कागद तंतोतंत बसला. रंग छान, झाकण आवाज न करता मिटणारं, बाजूला चकचकीत गोल बटण. मास्तर खूश झाले.

प्लंबर आला, जुनी सीट काढून त्यानं नवी ठेवली आणि म्हणाला, "काका, ही मोठी आहे. चहूबाजूंनी बाहेर येतेय."

"माझं माप चुकत नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी कागद आणून कमोडवर टाकला. कागदही बोटभर बाहेर आला. मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "शिवणीसाठी सोडलं वाटतं मी."

दारात उभ्या असलेल्या वहिनींना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा म्हणाल्या, "अहो, कमोड काय वाढत्या अंगाचा आहे?" आणि भिंतीला टेकून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. प्लंबरही पाना खाली ठेवून हसला. मास्तरांनाही हसावं लागलं.

"बघू तरी काय आणलंत," म्हणत वहिनी पुढे झाल्या आणि त्यांनी त्या गोल बटणाला हात लावला. ते पिळायचं होतं. बोटं नुसती त्यावरून घसरली. पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा घसरली.

"हे फिरवायला कुणाला हाक मारू? तुम्हालाच ना?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "माप भांड्याचं घेतलंत. बसणारीचं घ्यायचं राहिलं."

मास्तर म्हणाले, "गिऱ्हाईक समोर नसताना मी आजवर कपडा बेतला नाही."

"मग हे कसं बेतलंत?"

"दुकानात असलं काही बघायला तुला संकोच वाटेल म्हणून."

"मला, की तुम्हाला?"

यावर मास्तरांनी प्लंबरला चहा घेणार का विचारलं.

दोन दिवसांनी आम्ही तिघं ती सीट खोक्यात घालून दुकानात गेलो. वहिनी कित्येक महिन्यांनी घराबाहेर पडल्या होत्या. विक्रेत्यापुढे त्यांनी दोन्ही हात धरले आणि सरळ सांगितलं, "मला बोटांनी काही धरता येत नाही. मनगटानं नाहीतर कोपरानं चालेल असं दाखवा." विक्रेता क्षणभर गोंधळला. मग एकेक काढू लागला. रिमोटची एक सीट होती. वहिनींनी मनगट टेकलं की तीन बटणं एकदम दाबली जायची. "हिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. नको," त्या म्हणाल्या. शेवटी मांडणीच्या खालच्या फळीवरून एक सीट निघाली. पातळ, झाकण धाडकन पडणारं, दिसायला अगदीच सुमार, पण बाजूला लांब दांडा होता. पुढे ढकलला की पाणी सुरू, मागे ओढला की बंद.

वहिनी म्हणाल्या, "बसून बघते."

दुकानात फरश्या बघायला आलेलं एक कुटुंब होतं. वहिनी गाऊन सावरून नमुन्याच्या कमोडवर बसल्या. मास्तरांनी तोंड फिरवलं आणि भिंतीवरचे नळ पाहू लागले. वहिनी मनगटानं दांडा ढकलायला बघत होत्या, पण खांदा अवघडत होता. दोनदा प्रयत्न करून त्या थांबल्या. हाक मात्र मारली नाही.

मास्तर वळले. खिशातून टेप काढून त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसले. "जरा डावीकडे सरक. पाठ टेकू नकोस. आता हात सोड." कोपरापासून दांड्यापर्यंत माप घेतलं, मग मनगटापासून. फरशीवाली मंडळी बघत होती. मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. "मनगट नको, हाताची कड लाव," ते म्हणाले. दांडा पुढे गेला.

"हीच," वहिनी म्हणाल्या.

"फारच साधी आहे गं."

"मला कुणाला दाखवायचीय?"

विक्रेत्यानं कमोडचंही माप विचारलं. मास्तरांनी खाकी कागद देऊन चहूबाजूंनी बोटभर कमी धरायला सांगितलं. खोकं फोडलेलं असूनही थोडी कुरकुर करून त्यानं मोठी सीट परत घेतली.

सीट बसली त्या सकाळी मी खालीच होते. वहिनी आत गेल्या. आम्ही दोघं बाहेर बसलो होतो. आतून एकदम "आई गं" ऐकू आलं.

"काय झालं? येऊ का?" मास्तर उठलेच.

"पाणी गार आहे. बसा तिथेच."

दांड्यावरून हात घसरतो म्हणून मास्तरांनी त्याला जाड कापडाचं कव्हर शिवलं. त्या दुपारी वहिनींनी भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. मास्तर वाढायला इतके घाईनं उठले की डावातली भाजी सांडली, आणि त्यावरून बोलणीही खाल्ली.

पुढे लेकीनं तशीच सीट स्वतःच्या घरी बसवून घेतली. वहिनी सध्या तिच्याकडे राहायला गेल्या आहेत, चांगल्या महिनाभरासाठी. मास्तर दोन्ही वेळचं स्वतः करतात आणि एकटेच जेवतात.