टिटवाळ्याचा प्रसाद

मेला दर मंगळवारी यायचा. टिटवाळ्याच्या गणपतीला जाऊन परतताना आमच्या कल्याणच्या घरात शिरायचा, आईच्या हातावर प्रसाद ठेवायचा आणि म्हणायचा, "वहिनी, साकडं घातलंय हो. पोरगा सुखरूप घरी येऊ दे."

हा आमचा सावकार. थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी त्याच्याकडे घर गहाण टाकलं आणि पुढच्याच वर्षी ते गेले. घर भावाच्या नावावर झालं, आणि भाऊ फौजेत, काश्मीरच्या लढाईवर. लढाईवरच्या शिपायाविरुद्ध दावा चालवता येत नाही, असा कायदा होता. वकिलांनी आईला नीट समजावलं होतं: तो तिकडे आहे तोवर कोर्ट थांबेल, तो परतला की दावा सुरू, मग घराचा लिलाव.

चहा पिता पिता सावकाराची नजर आढ्यावरून फिरायची. एकदा मी कॅलेंडरसाठी खिळा ठोकत होते, तर म्हणतो कसा, "अगं, हळू! भिंतीचे पोपडे निघतील." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंत अजून आमची होती ना!

पण धाक बसला होता खरा. भावाचं पत्र आलं की आई आधी विचारायची, "येतोय असं नाही ना लिहिलं?" आणि मग स्वतःच देवासमोर जाऊन बसायची.

दिवाळीला तो आला. सावकार हार घेऊन दारात हजर. "सुटलास ना रे?"

"नाही, रजेवर आलोय. फौजेतली मुदत संपतेय, तेव्हा सुटेन."

सावकार खूश होऊन गेला. दुपारी जेवताना भावानं विचारलं, "आई, मुदत वाढवून घेऊ का?" मला वाटलं, आता ही रडेल, ओरडेल, नको म्हणेल. आई त्याला भात वाढत होती.

"तूप घे," ती म्हणाली.

तो काय ते समजला. मुदत वाढवून परत गेला. थंडीत तार आली.

तेरावं झाल्यावर सावकार आला. हातात प्रसाद नव्हता. आता कायदा त्याच्या आड येणार नव्हता. मी तोंड सोडणार, इतक्यात आईनंच किल्ल्यांचा जुडगा त्याच्यापुढे ठेवला.

"घ्या. दावाबिवा नको," ती म्हणाली. "तो घरी यावा, असं मनापासून वाटणारे तुम्ही एकटेच होतात."