ग्रीसची रंगीत तालीम, खडकवासल्यात

ज्या धरणाचं पाणी सगळं पुणं पितं, त्या खडकवासल्याच्या धरणात मी माझा पासपोर्ट स्वतःच्या हातानं, पूर्ण शुद्धीत आणि नीट दोरी बांधून बुडवला. ग्रीसला निघायला तेव्हा बावीस दिवस उरले होते.

हे वाक्य मी पासपोर्ट कार्यालयात, नातेवाइकांत आणि आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीच्या जिन्यात इतक्या वेळा म्हटलंय, की आता ते म्हणताना माझा चेहरा बदलत नाही. समोरच्याचा बदलतो. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि दोरी कशाला?" (आमच्याकडे सहानुभूती अशीच मिळते.)

ग्रीसचं खूळ माझं नव्हे. माझी बायको सुनंदा मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवत होती. युरोपचा नकाशा ती पुस्तकात न बघता फळ्यावर काढायची, पण ग्रीसपाशी आली की तिचा हात भरून यायचा. बेटंच बेटं! खडू टेकवत टेकवत ठिपके देताना ती दर वर्षी मुलींना सांगायची, की हे ठिपके जवळून कसे दिसतात ते मला एकदा पाहायचंय. मग गेल्या हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की तिच्या दोन्ही डोळ्यांतला काचबिंदू आता औषधाला जुमानत नाही. कडेचं दिसणं आधी जाणार, नजर आत आत आकसत येणार, मधलं शेवटी राहणार आणि मग तेही जाणार. किती दिवस, हे मी विचारलं. ते म्हणाले, जे पाहायचं असेल ते वर्षभरात पाहून घ्या.

घराच्या कोपऱ्यावर रिक्षातून उतरताना ती म्हणाली, "मला ती बेटं बघायचीत. विमानातून नाही. पाण्यावरून, एकेक करून."

छत्तीस वर्षांच्या संसारात तिच्या प्रत्येक बेताला मी 'बघू' म्हणत आलो. त्या दिवशी 'जाऊ' म्हणालो. तिला खरं वाटेना, त्यामुळे मला ते दोनदा म्हणावं लागलं.

शोधाशोध केल्यावर शिडाची नौका मिळाली. कप्तान असलेली, स्वयंपाकी असलेली, सप्टेंबरातले सात दिवस. तिच्यासाठी हेच सोयीचं होतं, कारण रस्त्यानं चालताना तिला बाजूची पायरी, बाजूची सायकल, बाजूचा माणूस दिसेनासा झाला होता. नौकेत एका जागी बसायचं आणि बेटांनीच समोर यायचं. व्हिसा मिळाला, पासपोर्टांवर चिकटून घरी आला. इथे कुठल्याही शहाण्या माणसानं बॅग भरायला घेतली असती.

पण मी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढलेली. आमच्या खात्याचा नियम साधा होता: आलेल्या मालातले काही नग काढायचे, ते खरोखर उडवून बघायचे, आणि उडाले तर उरलेला माल पास करायचा. कागदावर लिहिलंय म्हणून काहीही पास करायचं नाही. निवृत्तीनंतर हा नियम मी घरात लागू केला. नवा कुकर, नवी छत्री, नवा जावई (हा चुलतभावाचा होता, तरीही), सगळं माझ्या हाताखालून गेलं.

ग्रीसचीही तपासणी सुरू झाली. समुद्र लागू नये म्हणून घ्यायची गोळी मी आधी घरी घेऊन बघितली आणि सकाळी दहापासून दुसऱ्या दिवशीच्या दूधवाल्यापर्यंत झोपलो. गोळी पास! तरंगण्याचं जाकीट घालून मी माळ्यावर चढून उतरलो आणि उतरताना अडकलो. नौकेच्या कंपनीला मी एक्केचाळीस प्रश्न लिहून पाठवले, त्यात नौका डावीकडे कलली तर उजवीकडच्या प्रवाशांनी काय करावं इथपासून स्वयंपाक्याला साबुदाणा ठाऊक आहे का इथपर्यंत सगळं होतं. सगळ्यांना मिळून एकच उत्तर आलं: 'येस.'

सुनंदाची धाकटी बहीण मंगल कोथरूडहून यायची आणि हे सगळं बघत बसायची. तिची मुलगी जर्मनीत असते. मंगल वर्षातून दोनदा एक पिशवी घेऊन तिकडे जाते, त्यामुळे तिच्या पासपोर्टावर कायम युरोपचा व्हिसा असतो. ती मला म्हणाली, "भाऊजी, ताईला तिथे समुद्र बघायचाय. तुम्ही इथेच बुडवाल तिला." मी तिकडे लक्ष दिलं नाही. जी बाई कुलूप ओढून न बघता जर्मनीला जाते, तिचं काय ऐकायचं?

राहिली होती फक्त पाणी न शिरणारी पिशवी. नौकेवर पासपोर्ट ठेवायला ती हवीच होती. पेठेतल्याच एका दुकानात मिळाली. ही खरंच वॉटरप्रूफ आहे का, असं मी विचारल्यावर दुकानदार म्हणाला की तसं वर छापलंय. तुम्ही स्वतः तपासलीय का, असं विचारल्यावर म्हणाला, "मी पिशव्या विकतो. पोहत नाही."

घरी पिशवीत वर्तमानपत्र घालून मी ती बादलीत बुडवली. कोरडी! पण बादली म्हणजे समुद्र नव्हे, आणि वर्तमानपत्र म्हणजे पासपोर्ट नव्हे. आमच्या खात्यात नकली मालावर घेतलेली चाचणी कुणी धरायचं नाही. तेव्हा रंगीत तालीम ठरली: खडकवासल्याला शिडाच्या होडीत बसायचं, आणि पिशवीची चाचणी खऱ्या पाण्यात, खऱ्या पासपोर्टांवर घ्यायची. आदल्या दिवशी दोन्ही पासपोर्ट पिशवीत घालून मी ती दाराजवळ टांगली. सुनंदानं फक्त "दोन्ही?" असं विचारलं. मी "दोन्ही" म्हणालो. ती स्वयंपाकघरात गेली.

धरणावर होडी चालवायला शिकवणारे एक निवृत्त सुभेदार होते, तिथल्याच गावचे. मंगल काठावर डबा घेऊन बसली. आम्ही तिघं होडीत. ऊन छान होतं, शीड भरलं, आणि सुनंदा पुढे बघत इतकी शांत बसली होती की तेवढ्यावरच थांबायला हवं होतं. मी पिशवी दोरीला बांधली आणि पाण्यात सोडली.

"सायेब, मासं धरताय व्हय?" सुभेदारांनी विचारलं.

मी म्हटलं, चाचणी आहे. दहा मिनिटांनी पिशवी वर काढली, उघडली, आत बोट घातलं. कोरडी ठणठणीत! तिथे चाचणी संपली होती. पण एक नोंद म्हणजे नोंद नव्हे, निदान दोन हव्यात. मी पिशवी पुन्हा बंद केली, पुन्हा सोडली, या वेळी वीस मिनिटं. बंद करताना दोरीचा एक पदर पिशवीच्या तोंडात अडकून राहिला होता, हे मला नंतर कळलं. म्हणजे पिशवी उत्तम होती. तिच्यात जे पाणी गेलं, ते मी तपासणी केल्यामुळे गेलं!

वर काढली तेव्हा ती जड लागली. आतून पाणी ओतलं आणि मागोमाग पासपोर्ट आला. पानं पुरीसारखी फुगली होती. व्हिसाचा एक कोपरा सुटून वर आला होता आणि फोटोतला मी ओळखू येत नव्हतो. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की पासपोर्ट एकच आहे.

दुसरा पडला! सुनंदाचा पडला! मी होडीच्या कडेवरून वाकलो. सुभेदार ओरडले, "आवं हालू नगा, वारा हाय!" मी आणखी वाकलो. मग होडीनं एका बाजूला मान टाकली आणि आम्ही तिघंही पाण्यात गेलो.

होडी तोवर काठाजवळ आली होती. पाणी छातीइतकंच होतं आणि जाकिटं होती, त्यामुळे बुडण्याचा प्रश्न नव्हता. मी उभा राहिलो, तोंडातलं पाणी थुंकलं. सुनंदाही उभी राहिली होती. ती समोर बघून हाका मारत होती, "अहो, कुठे आहात? अहो!"

मी तिच्या डाव्या हाताला होतो. हातभर अंतरावर. ती बोलावत राहिली आणि मला काही केल्या उत्तर देता येईना, कारण तिची नजर किती अरुंद झालीय ते मला त्या पाण्यात उभं राहून पहिल्यांदा कळलं. मग मी तिचा दंड धरला. ती वळली, मला पाहिलं आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "माझा पासपोर्ट शोधू नका. तो तूरडाळीच्या डब्यात आहे. सकाळी काढून ठेवला."

काठावर मंगल टॉवेल देताना हसत होती, नंतर माझ्या हातातला फुगलेला पासपोर्ट बघून हसायची थांबली. घरी जाताना मी सुनंदाला विचारलं, की काढायचाच होता तर माझाही का नाही काढलास? ती म्हणाली, "दोन्ही काढले असते तर पिशवी रिकामी लागली असती तुम्हाला. डबा शोधून दोन्ही परत घातले असते. म्हटलं, एक तरी वाचवू."

हजार नगांतले पाच उडवणारा माणूस मी. इथे सगळा माल मिळून दोन नग होता, आणि मी दोन्ही चाचणीला काढले होते.

पासपोर्ट कार्यालयातल्या बाईंनी ती फुगलेली वस्तू दोन बोटांनी उचलली. खराब झालेल्याच्या जागी नवा मिळेल, म्हणाल्या, पण चौकशी होईल, वेळ लागेल, आणि व्हिसा तर पुन्हा पहिल्यापासून. उरलेल्या दिवसांत? त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग अर्जात खराब होण्याचं कारण नीट लिहा म्हणाल्या. मी 'गुणवत्ता चाचणी' लिहिलं. त्यांनी ते खोडून 'पाण्यात पडला' लिहायला लावलं. नोकरीत मी कधी खोटा शेरा मारला नव्हता.

संध्याकाळी आम्ही तिघं जेवायच्या टेबलाशी बसलो. मी म्हटलं, झालं ते झालं, आता पुढच्या वर्षी जाऊ. दोघं मिळून, सगळं नीट करून. हे मी तिच्यासाठी म्हणतोय असं मला खरंच वाटत होतं.

सुनंदा वरण वाढत होती. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी बेटं तिथेच असतील हो. मला दिसायला हवीत ना."

मंगल ताटाकडे बघत होती. तिच्या पासपोर्टावर चालू व्हिसा आहे हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आणि ते मी म्हणायला हवं होतं. फार वेळ लागला मला. वरण गार झाल्यावर म्हणालो, "मंगल, तू जा हिच्याबरोबर." त्या दिवसांत माझ्या हातून झालेलं ते एकमेव धड काम, आणि तेही मी जेवणार नाही असं सांगून, उठून बाल्कनीत जाऊन बिघडवलं.

नौकेच्या कंपनीला विचारलं, माझ्याऐवजी मेव्हणी आली तर चालेल का. 'येस.' इतक्या लगेच आलं, की माझ्या एक्केचाळीस प्रश्नांनंतर ते या बातमीची वाटच बघत असावेत.

मी मंगलला सूचनांचा साठ पानी गठ्ठा दिला. तिनं त्यातलं डोळ्यांच्या थेंबांचं एक पान घेतलं आणि बाकीचा परत केला. टॅक्सी निघाली तेव्हा सुनंदानं हात केला, पण मी उभा होतो त्याच्या जरा उजवीकडे. मी दोन पावलं सरकून तिथे जाऊन उभा राहिलो.

मंगलनं समुद्र लागायची गोळी घेतली नाही (कशाला घेईल!) आणि पहिल्याच दिवशी ती आडवी झाली. त्यामुळे दुपारचा व्हिडिओ कॉल सुनंदालाच करावा लागला. पहिल्या दिवशी मला शिडाची दोरी दिसली. मी म्हटलं, फोन उजवीकडे कर, खाली कर, अजून खाली, तेवढं नाही! पाच मिनिटं ती बिचारी फोनशी झगडत होती, समुद्राकडे पाठ करून. मग फोन कट झाला. दुसऱ्या दिवशीही मी तेच केलं. तिसऱ्या दिवसापासून तिनं फोनच केला नाही, आणि मी घरात एकटा बसून विचार केला, की हा माणूस बरोबर नाही गेला तेच बरं झालं.

शेवटच्या दिवशी पुन्हा तिचा फोन आला. आवाज वाऱ्यानं भरला होता. "अहो, बघा! केवढं निळंय! खडूत नव्हता हा निळा." पडद्यावर तिचा अंगठा होता. पूर्ण पडदाभर, उन्हानं लालसर झालेला. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"दिसतंय ना?"

"दिसतंय," मी म्हणालो.

"मला समोर सात दिसतात. कडेची मला दिसत नाहीत. तुम्ही मोजून सांगा, सगळी मिळून किती आहेत?"

मी अंगठ्याकडे नीट बघितलं. "नऊ," म्हणालो.

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि इतकी खूश झाली की बराच वेळ नुसती हसत राहिली.

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी कुठलाही माल न बघता पास केला नव्हता. निवृत्तीनंतर एकदम नऊ बेटं केली, तीही बायकोच्या अंगठ्याकडे बघून.